सीबीडी तेल, हेम्पच्या बिया आणि परदेशी गमीज: दुकानात आणि घरात काय चालतं?

ताई, तुम्ही विचारलंय ते असं. गिरगावात वडिलांच्या वेळेपासूनचं आयुर्वेदिक औषधांचं दुकान आहे. हल्ली आठवड्याला दोन-तीन गिऱ्हाइकं सीबीडी तेल (सीबीडी म्हणजे भांग-गांजाच्या झाडातलं नशा न आणणारं द्रव्य) मागतात, बहुतेक गुडघेदुखीसाठी नाहीतर झोप लागत नाही म्हणून. एक वितरक विजया तेलाच्या (विजया हे भांगेचं आयुर्वेदातलं नाव) बाटल्या नमुना म्हणून ठेवून गेलाय आणि ‘टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, 0.3 टक्क्यांच्या खाली आहे, शंभर टक्के लीगल’ असं सांगतोय. हेम्पच्या, म्हणजे याच झाडाच्या कमी नशेच्या वाणाच्या, बियांची पाकिटंही ठेवा म्हणतोय. शिवाय न्यू जर्सीचा भाचा पुढच्या आठवड्यात येतोय, आईसाठी सीबीडीच्या गमीज, म्हणजे जेलीसारख्या चघळायच्या गोळ्या, आणू का, असं त्याचं विचारणं आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणं. तेल ठेवायचं तर कागद पूर्ण असतील तरच. बिया ठेवायला हरकत नाही, पण खाद्यपदार्थ म्हणून आलेल्याच. गमीज अजिबात नाही, एकसुद्धा नाही.

मी वीसेक वर्षं फोर्टच्या सत्र न्यायालयात एनडीपीएसच्या खटल्यांत आरोपींच्या बाजूने उभा राहतोय. या कायद्याचं पूर्ण मराठी नाव ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985’ असं लांबलचक आहे, कोर्टात सगळे एनडीपीएसच म्हणतात. सुरुवातीची बरीच वर्षं माझ्याकडे येणारी माणसं ठरावीक असायची. आता दुकानदार येतात, फिजिओथेरपिस्ट येतात, परदेशातून परतलेली मुलं येतात. आपण काही चुकीचं करतोय असं यातल्या बहुतेकांना वाटलेलंच नसतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट. आपला कायदा मालाच्या नावावर चालत नाही, भांग-गांजाच्या झाडाच्या कोणत्या भागातून तो माल निघालाय यावर चालतो. एनडीपीएसच्या व्याख्येत चरस म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली राळ, त्यात हशीश तेलही आलं. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजाच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेली आहेत. तिसरा प्रकार म्हणजे या दोन्हींचं कुठलंही मिश्रण किंवा त्यापासून केलेलं पेय. भांग पानांची असते म्हणून ती एनडीपीएसच्या बाहेर राहिली. हे चुकून झालेलं नाही. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातच शेंड्यांपासून अलग असलेली पानं आणि बिया वगळलेल्या आहेत आणि आपला 1985 चा कायदा त्याच वाटेने गेला. त्याच्याही आधी, 1893-94 साली, इंग्रज सरकारने या झाडावर एक आयोग नेमला होता. हजाराहून जास्त साक्षी घेऊन त्याने सरसकट बंदी नको, परवाने आणि कर लावून नियंत्रण ठेवा, अशी शिफारस केली. म्हणजे या झाडाला परवान्याच्या चौकटीत बसवायचा विचार आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

पान आणि शेंडा हा फरक कागदावर सोपा दिसतो. कोर्टात तो कसा दिसतो ते सांगतो. एका खटल्यात मुद्देमालाचं पाकीट साक्षीदारासमोर उघडलं. खाकी कागद, लाखेचं सील, पंचांच्या सह्या. ब्लेडने कापल्यावर आतून हिरवट-तपकिरी चुरा टेबलावर सांडला: काड्या, पानांचे तुकडे, थोड्या बिया आणि मधूनमधून चिकट, दाट शेंडे. मी तपास अधिकाऱ्यांना एवढंच विचारलं की यातले शेंडे वेगळे करून तोलले होते का. ते म्हणाले, नाही, सगळं एकत्र तोललं. या मुद्द्यावर बरंच काही अवलंबून असतं, कारण गांजाची अल्प मात्रा 1 किलोपर्यंत आणि व्यावसायिक मात्रा 20 किलोच्या वर. व्यावसायिक मात्रा ठरली की किमान 10 वर्षांची, जास्तीत जास्त 20 वर्षांची शिक्षा, आणि कलम 37 मुळे जामीन जवळपास दुरापास्त. मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका जामीन प्रकरणात याच व्याख्येवर बोट ठेवून, शेंड्यांशिवायच्या बिया-पानांना गांजा म्हणता येत नाही, असं म्हटलं. पण हे सगळं कधी कामाला येतं? अटक झाल्यानंतर. दुकानदाराने या मुद्द्याच्या भरवशावर माल भरायचा नसतो.

आता त्या 0.3 टक्क्यांकडे येतो, कारण वितरक सगळ्यात जोरात तेच सांगतात. ताई, एनडीपीएस कायद्यात टीएचसीची कुठलीही टक्केवारी दिलेली नाही. 0.3 नाही आणि 1 सुद्धा नाही. हा आकडा अमेरिकेच्या 2018 च्या शेतीविषयक कायद्यातून आलाय. आपल्याकडे उत्तराखंडने 2018 मध्ये औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली, तेव्हा पिकासाठी तीच मर्यादा घातली. ती उत्तराखंडच्या परवानाधारक शेतकऱ्याच्या शेतासाठी आहे, गिरगावातल्या बाटलीसाठी नाही. एखादं तेल फुलोऱ्यातून काढलेलं असेल, तर त्यात टीएचसी कितीही कमी असलं तरी ‘हे चरसचं नाहीतर गांजाचं मिश्रण आहे’ हा आरोप उभा राहू शकतो. नुसतं सीबीडी हे द्रव्य एनडीपीएसच्या यादीत नाही हे खरं, पण टीएचसी यादीत आहे, आणि वनस्पतीतून काढलेल्या अर्कात त्याचा अंश सापडणं कठीण नसतं. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल, ज्याला आम्ही सीए रिपोर्ट म्हणतो, ‘अंश आढळला’ एवढंच म्हणाला तरी पुढची दोन-तीन वर्षं तारखा घेण्यात जातात.

मग ही विजया तेलं उघडपणे विकली कशी जातात? त्याचं उत्तर आयुर्वेदात आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 खालच्या नियमांत ई(1) नावाची अनुसूची आहे, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाच्या विषारी द्रव्यांची. कुचला, वत्सनाभ आहेत त्याच यादीत भांग आहे, बिया सोडून. म्हणजे पानांचा अर्क घालून, आयुर्वेदिक औषध म्हणून, निर्मितीचा परवाना घेऊन केलेलं तेल कायदेशीर असू शकतं. त्यासाठी कच्चं पानही परवानाधारक ठेकेदाराकडून, त्या त्या राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याच्या कागदांसह आलेलं असावं लागतं. आपल्याकडे आयुर्वेदिक निर्मितीचे परवाने अन्न व औषध प्रशासन देतं, ज्यांचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.

तुमच्याकडची बाटली हातात घ्या आणि माझ्याबरोबर वाचा. ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द आहेत का? घटकांमध्ये वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि प्रमाण आहे का? ‘विजया पत्र’ म्हणजे पान. नुसतं ‘विजया अर्क’ किंवा ‘फुल स्पेक्ट्रम हेम्प एक्स्ट्रॅक्ट’ लिहिलं असेल तर मी तिथेच थांबतो, कारण भाग कोणता ते लपवलंय. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, कारखान्याचा पूर्ण पत्ता बघा. ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना इंग्रजीत आणि हिंदीत, दोन्हींत लागते. ती नसेल तर बाटली परत करा.

लेबल बरोबर असलं तरी ते पुरेसं नाही, हे मी एका अशिलाच्या प्रकरणात शिकलो. परळकडचं छोटं दुकान. वितरकाने कारखान्याच्या परवान्याची झेरॉक्स दिली होती, ती खरीच होती. फक्त त्या परवान्याला जोडलेल्या मंजूर औषधांच्या यादीत हे तेल नव्हतंच! कारखाना वेगळीच चूर्णं आणि काढे करायचा, तेल दुसऱ्याच कुणीतरी भरलेलं होतं. माणूस सरळ, पापभीरू. पण एनडीपीएसमध्ये कलम 35 आणि 54 आहेत. ताब्यात माल सापडला की आरोपीला त्याची जाणीव होती असं कोर्ट गृहीत धरतं आणि ती नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं असतं, तेही संशयापलीकडे. ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणणं इतर खटल्यांत जितकं हलकं वाटतं, तितकंच इथे सिद्ध करायला जड जातं. शेवटी त्याला वाचवलं ते बिलांनी. प्रत्येक बाटलीचं जीएसटी बिल बॅच क्रमांकासकट फाइलला लावलेलं होतं, पैसे बँकेतून गेले होते.

म्हणून मागायचं ते असं: परवान्याची प्रत आणि त्याला जोडलेली मंजूर औषधांची यादी, ज्यात याच नावाचं याच मात्रेचं औषध आहे, त्याच बॅचचा प्रयोगशाळा अहवाल, टीएचसीच्या आकड्यासकट, पान कुठून आलं त्याचं निर्मात्याचं लेखी पत्र, आणि बॅच क्रमांक असलेलं बिल. आयुर्वेदिक औषध विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागत नाही. लोकांना यात सोय वाटते, मला यात तुमचा धोका दिसतो. तुमच्याकडे तुमच्या नावाचा एकही सरकारी कागद नसतो, बिल हीच तुमची ढाल. आणि वैद्याच्या चिठ्ठीशिवाय बाटली देऊ नका. चिठ्ठीची प्रत ठेवाच असं नियम शब्दशः सांगत नाही, तरी ‘देखरेखीखाली’ या शब्दाला तोच एक पुरावा आहे.

एक सांभाळा. दुकानाबाहेर ‘कर्करोगावर, मधुमेहावर विजया तेल’ असा फलक लावू नका, व्हॉट्सॲपवरही टाकू नका. 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा अशा रोगांच्या दाव्यांना सरळ बंदी करतो आणि तो दुकानदारालाही लागतो.

आता महाराष्ट्राची खास भानगड. भांग एनडीपीएसमध्ये नाही म्हणून ती मोकळी, असं मानणारे खूप भेटतात. काशीला किंवा जयपूरला सरकारी परवान्याचं भांगेचं दुकान बघून आलेली माणसं तर हमखास. पण जे झाड केंद्राने सोडलं, ते राज्याला धरता येतं. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी अधिनियम आहे, आणि नाव दारूचं असलं तरी भांग बाळगणं, विकणं, सेवन करणं त्यात परवान्याशिवाय गुन्हा आहे. राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि पोलीस, दोघेही कारवाई करू शकतात. हाच कायदा गुजरातमध्येही चालतो, पण त्यांनी 2017 मध्ये भांगेला त्यातल्या नशेच्या पदार्थांतून वगळलं. आपण वगळलेलं नाही. तेव्हा महाशिवरात्रीला थंडाई विकणाऱ्याने ‘ही तर पानं आहेत’ म्हणून निर्धास्त राहू नये. पानाच्या गादीवर मिळणाऱ्या परराज्यातल्या ‘आयुर्वेदिक’ गोळ्यांच्या पुड्या मी तुमच्या दुकानात अजिबात ठेवू देणार नाही. त्या औषध म्हणून कुणी घेत नाही हे विकणाऱ्यालाही माहीत असतं आणि धाड घालणाऱ्यालाही.

बियांचं मात्र सोपं आहे. बिया कुठल्याच व्याख्येत बसत नाहीत, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, हेम्पच्या बिया, बियांचं तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मानकं ठरवून दिली. बी उगवणारं नको, पाकिटावर झाडाच्या पानाचं चित्र नको, नशेचा सूचक शब्द नको. पाकिटावर एफएसएसएआयचा क्रमांक बघा आणि ठेवा. चव अक्रोडासारखी, थोडी तुपकट; कोशिंबिरीवर भुरभुरायला चांगली लागते. फक्त गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की बियांच्या तेलात सीबीडी जवळपास नसतं. ‘हेम्प ऑइल’ म्हणून बियांचं तेल सीबीडीच्या भावात विकणारे मुंबईत कमी नाहीत, आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची ती सरळ लूट आहे.

जाता जाता भाषेचा एक गोंधळ. शब्दकोशात हेम्पला ताग किंवा अंबाडी दिलेलं सापडतं. इंग्रज व्यापाऱ्यांनी प्रत्येक धाग्याच्या झाडाला हेम्प म्हटलं, त्याचा हा परिणाम. तागाचा किंवा अंबाडीच्या भाजीचा या झाडाशी काही संबंध नाही. एका मराठी अनुवादात मी ‘आरोपीच्या ताब्यात ताग सापडला’ असं वाचलंय, आणि त्यावरून एक अख्खी तारीख वाया गेलीय.

आता भाच्याचं, आणि माझा जीव खरा इथे अडकलाय. न्यू जर्सीत एप्रिल 2022 पासून प्रौढांना गांजा दुकानात मिळतो. त्याशिवाय पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात ‘हेम्प’च्या गमीज मिळत आल्या आहेत. भाच्याला वाटतं, हेम्प म्हणजे नशा नाही. हिशोब करून बघा. एक गमी 4 ग्रॅमची धरली तर तिच्या 0.3 टक्के म्हणजे 12 मिलिग्रॅम. नवख्या माणसाला 5 मिलिग्रॅम टीएचसीनेही चांगलीच चढते. म्हणजे कायद्याच्या मर्यादेत बसणारी एक गोळी तुमच्या आईला दिवसभर गरगरवू शकते. याच पळवाटेमुळे अमेरिकेने नोव्हेंबर 2025 मध्ये हेम्पची व्याख्या आवळायचा कायदा केला.

आणि सहार विमानतळावर काय होईल? एका बरणीत 60 गोळ्या म्हणजे 240 ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हिरा सिंग प्रकरणात ठरवलं की मिश्रणात अमली द्रव्याबरोबर असलेल्या निरुपद्रवी पदार्थाचंही वजन धरायचं. तोच नियम लावला तर साखर, जिलेटिन, रंग सगळं तराजूवर. चरसची अल्प मात्रा 100 ग्रॅम. तिच्या वर गेलं की 10 वर्षांपर्यंत शिक्षा आणि 1 लाखापर्यंत दंड. आम्ही वकील यावर वाद घालतो आणि कधीकधी जिंकतोही, पण तोवर मुलाचा पासपोर्ट जमा असतो आणि तिकडची नोकरी गेलेली असते. अल्प मात्रा निघाली तरी सुटका सोपी नाही. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मधल्या एका गाजलेल्या जामीन आदेशात एनडीपीएसचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र असल्याचं सांगितलंय. खाद्यपदार्थ म्हणून दुर्लक्ष होईल ही आशाही नको. 2021 मध्ये मालाडच्या एका बेकरीतून ब्राउनी जप्त झाल्या तेव्हापासून तपास यंत्रणांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. त्यात बँकॉकहून येणाऱ्या हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय वाढवलेल्या, गांजामुळे विमानतळावरचे कस्टम्सचे लोक खाऊच्या पाकिटांकडेच आधी बघतात. डॉक्टरांची अमेरिकन चिठ्ठी इथे चालत नाही. पोस्टाने पाठवतो म्हणाला तर तेही नको, परदेशी टपालही तपासलं जातं आणि पाकिटावर नाव-पत्ता तुमचा असतो.

घरी कुंडीत एखादं रोप लावू का, असंही काही जण विचारतात. नाही. परवान्याशिवाय लागवड हा वेगळा गुन्हा आहे, झाड कितीही लहान असो, हेम्पचं असो वा नर असो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने 2021 मध्ये कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावायची परवानगी मागितली होती. लोक हसले. मला हसू आलं नाही. कलम 14 मध्ये धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी द्यायची तरतूद 1985 पासून आहे. ती वापरून आपल्या राज्यानेही कोरडवाहू शेतकऱ्याला रीतसर परवाना, तपासणी आणि बाजार द्यावा, असं माझं ठाम मत आहे. अर्धवट कायद्याने फक्त भोंदू वितरकांचं फावतं.

आईंबद्दल एकच सांगतो, मी डॉक्टर नाही. पण रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी किंवा फिटचं औषध चालू असेल तर सीबीडीमुळे त्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कायदेशीर तेलसुद्धा देऊ नका.

नमुन्याच्या बाटल्या आज विकू नका. बॅच क्रमांकांचे फोटो काढा, वितरकाला वर लिहिलेले चार कागद ईमेलवर मागा, आठ दिवसांची मुदत द्या. आले नाहीत तर परतीच्या चलनावर त्याची सही घेऊन माल परत करा आणि ते चलन जपून ठेवा. आणि भाच्याला आजच फोन करा, बॅग भरायच्या आधी. ‘आणू नकोस’ एवढंच म्हणू नका. प्रवासाच्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात एखादी जुनी उघडी पुडी राहिलेली असते, ती काढून टाक असंही सांगा. माझ्याकडे आलेली दोन मुलं अशाच विसरलेल्या पुड्यांमुळे पकडली गेली होती.